चार नंबरचं पाकीट

१

पाकीट कोणीतरी फोडलं आहे हे भूलवालीला आधी बोटांनी सांगितलं, डोळ्यांनी नंतर.

गुरुवारची सकाळ, साडेआठची वेळ. घरमालकीणबाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा ठेवला, त्याचं इवलंसं कुलूप काढलं आणि आतल्या दोन पाकिटांपैकी एक तिच्या हातात दिलं.

"घ्या, हे तुमचं. उद्या नऊला परवाना कार्यालयाच्या खिडकीत द्यायचं आणि सुटायचं."

जाड तपकिरी पाकीट. तोंडावर लाखेचं सील, त्यावर मायदेशातल्या वैद्यक परिषदेचा शिक्का, खाली जावक क्रमांक आणि 'फक्त परवाना कार्यालयाने उघडावे' ही ताकीद. डॉक्टरचं नाव पाकिटावर कुठेच नव्हतं. ते असायचं कुरियरच्या पिशवीवर, आणि ती पिशवी बाई आल्या दिवशीच फाडून टाकत. घोटाळा नको म्हणून मग त्या पाकिटाला खोलीचा आकडा लिहिलेली चिठ्ठी टाचत. ह्या पाकिटावर आकडा होता चार.

सील जागच्या जागी होतं. भूलवालीला हायसं वाटलं आणि तिनं सहज कडेवरून बोट फिरवलं. बुडाची कड कडक लागली. तिनं नखानं जरासं दाबलं, तर कड टचकन सुटली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ कापलेली चीर उघडी पडली. आत कागद दिसत होता.

त्या घरात भाडेकरूंना नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. तिघंही डॉक्टर, तिघंही एकाच देशातून आलेले, आणि परवाना मिळेपर्यंत तिघांनाही ह्या देशात साधी डोकेदुखीची गोळी लिहून द्यायची मुभा नव्हती. म्हणून निदान घरात तरी त्यांनी एकमेकांना आपापल्या विद्येनं हाक मारायचं ठरवलं होतं. हाडांचा तो हाडवाला, मुलांची ती बालवाली, आणि ऑपरेशनच्या आधी भूल देणारी ती भूलवाली. बारा वर्षं लोकांना शांतपणे झोपवणाऱ्या त्या बाईनं आता ती चीर बोटांनी घट्ट दाबून धरली.

कारण पाकिटात होता सचोटीचा दाखला. ह्या डॉक्टरच्या नावाला आमच्याकडे काही बट्टा नाही, असं परिषदेनं लिहून दिलेला कागद. तो तीनच महिने चालतो आणि त्यातले सहा दिवस उरले होते. सील फोडलेलं पाकीट खिडकी घेत नाही. नवा दाखला मागवायचा तर आठ आठवडे, आणि रुग्णालयानं तिच्यासाठी धरून ठेवलेली जागा महिनाअखेरीला जाणार. जागा गेली की व्हिसा गेला. चौदा महिन्यांपूर्वी निघताना तिनं सहा वर्षांच्या लेकीला सांगितलं होतं, आईचा परवाना आला की तू आणि बाबा विमानात बसायचं. लेक आता फोनवर दुसरं काही विचारतच नसे. "आला का?" एवढंच विचारायची.

पण भूलवाली घाबरली ती तेवढ्यामुळे नाही. त्या कागदावर काय लिहिलं असेल ह्याची तिला स्वतःलाच खात्री नव्हती, आणि आता ते ह्या घरातल्या कोणीतरी वाचलं होतं.

२

"कोणी हात लावू नका," दारातून आवाज आला.

दारात सासूबाई उभ्या होत्या. एका मोठ्या रुग्णालयात त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा मेट्रन म्हणून. सून उपाशीपोटी अभ्यास करते असं फोनवर कानावर आलं, तशा त्या लेकाला आणि नातीला घरी ठेवून दोन महिन्यांसाठी इथे येऊन थडकल्या होत्या. गुडघे पार गेले होते, पण नजर अजून वॉर्डातलीच होती. घरात सगळे त्यांना मेट्रनच म्हणत.

त्यांनी पाकीट उजेडात धरलं, कडेवरून नख घासलं आणि नखावर निघालेली खपली चष्म्यापाशी नेली. काचेसारखी पातळ, कडक, जरा जांभळट झाक असलेली खपली.

"किल्ली कुठे असते?"

"ह्या दारामागे, खिळ्याला," घरमालकीणबाई म्हणाल्या. "सगळ्यांना ठाऊक आहे. कुलूप चोरासाठी नाहीच आहे, मेट्रन. ते ह्यांच्यापासून ह्यांचंच रक्षण करायला आहे."

आणि ते खरं होतं. आठ वर्षांपूर्वी एका भाडेकरू डॉक्टरला आपलं पाकीट सात दिवस उशाशी ठेवणं सोसलं नाही. आठव्या दिवशी त्यानं ते फोडलं, बघितलं, दाखला उत्तम होता, आणि महिन्याभरात तो गाशा गुंडाळून परत गेला. तेव्हापासून घरचा नियमच झाला. आपलं पाकीट आपल्या खोलीत ठेवायचं नाही. आलं की थेट डब्यात.

"मग तुम्ही कधी बघितलं नाहीत? उजेडाला वगैरे धरून?" मेट्रनबाईंनी गोड आवाजात विचारलं.

बाईंचा चेहरा पडला. "उजेडाला धरते कधीकधी. काही दिसत नाही. कागद फार जाड वापरतात."

"किती वेळा धरलंत?"

"आलं त्या दिवशी. आणि परत एकदा, मागच्या आठवड्यात. तेव्हा धड होतं हो, शपथ घेऊन सांगते." बाईंनी दोन्ही कानांना हात लावले.

तेवढ्यात हाडवाला खाली उतरला. सहा फूट उंच, आवाज त्याहून मोठा. आपल्या गावी त्यानं शेकड्यांनी गुडघे बदलले होते, इथे प्लास्टरच्या खोलीत मदतनीस म्हणून लोकांचे पाय धरून उभा राहायचा. टेबलावरचं पाकीट पाहून तो म्हणाला, "अरेरे." आणि लगेच, जरा फारच लगेच, "मग तुमची जागा?"

भूलवालीनं मान खाली घातली. ती जागा एकच होती, वरिष्ठांच्या देखरेखीखाली एक वर्ष काम करायची. यादीत पहिलं नाव तिचं होतं. दुसरं हाडवाल्याचं, आणि त्याचं पाकीट कधीच खिडकीत जमा झालं होतं.

मेट्रनबाईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला. "बस रे. तुझ्याकडे ब्लेड असतात?"

"ब्लेड तर सगळ्यांकडे असतात. रोज हातशिलाईचा सराव करतो आम्ही."

"आणि चिकटवायला काय वापरता तुमच्या खोलीत?"

"प्लास्टर. भिंतबिंत जोडायची असेल तर सांगा." तो हसला, मग कोणीच हसत नाही हे पाहून गप्प झाला. त्यानं कप खाली ठेवला. "मेट्रन, तुम्हाला काय वाटतंय ते कळतंय मला. मला जागा हवीच आहे, नाही म्हणत नाही. पण अशी नको."

असं सगळेच म्हणतात, भूलवालीच्या मनात आलं. आणि चौदा महिने ज्याच्याबरोबर एका टेबलावर जेवलो त्याच्याविषयी आपण असा विचार करतोय, ह्याचीच तिला भीती वाटली.

३

दुपारी घर रिकामं झालं. बालवाली सकाळीच कामावर गेली होती, हाडवालाही गेला, बाई बाजारात, मेट्रनबाई गुडघ्यांना शेक देत मागच्या ओट्यावर बसल्या. भूलवाली आपल्या खोलीत कॉटवर पाकीट मांडीवर घेऊन बसली होती. कागद बाहेर काढावा असं तिला दहादा वाटलं आणि दहाही वेळा तिनं हात मागे घेतला.

ही खालची, दारालगतची एक नंबरची खोली तिला मिळाली होती ती बालवालीच्या कृपेनं. तीन आठवड्यांपूर्वी सासूबाई आल्या आणि वरचा जिना बघून पहिल्याच पायरीवर बसल्या, तेव्हा बालवालीनं लगेच आपल्या गाद्या उचलल्या होत्या. तू खाली ये, मी तुझ्या खोलीत वर जाते, आईंना जिना झेपायचा नाही, म्हणाली होती. अशी ती होती. रोज संध्याकाळी ह्याच खोलीत दोघी परीक्षेचा सराव करत. एकीनं डॉक्टर व्हायचं, दुसरीनं रुग्ण किंवा नातेवाईक, आणि हाडवाल्यानं घड्याळ घेऊन परीक्षक. आठ मिनिटं झाली की तो चमचा पेल्यावर वाजवायचा.

त्यातल्या एका संध्याकाळी प्रश्न होता, नातेवाइकाला वाईट बातमी सांगणे. बालवाली झाली होती मेलेल्या बाईची बहीण. भूलवालीनं तोंड उघडलं आणि परीक्षेचं राहिलं बाजूलाच, ती भडाभडा भलतंच बोलून गेली. टेबलावर गेलेली एक बाई, अकरा मिनिटं, वर केलेले सगळे उपाय, आणि मग नवऱ्यानं केलेली तक्रार. आठ महिने चौकशी चालली. शेवटी तिची चूक नाही असं समितीनं सांगितलं, पण ते तोंडी. परिषदेच्या वहीत काय चढलं, ते विचारायची हिंमत तिला झाली नाही. तिनं सरळ परदेशाचा अर्ज भरला. त्या संध्याकाळी हाडवाला चमचा वाजवायचा विसरला होता. आणि स्वयंपाकघराचं दार उघडं होतं.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त सासूबाईंना नव्हतं, त्या तेव्हा आलेल्याच नव्हत्या.

बाहेर पावलं वाजली. हलकी, अनवाणी. घरात कोणी नव्हतं, तरी पावलं जिन्यावरून आली आणि तिच्या दारापाशी थांबली. भूलवालीनं श्वास रोखून धरला. दाराखालच्या फटीत सावली हलली, एक कागदाचा तुकडा सरकत आत आला, आणि पावलं निघून गेली. ती उठून दार उघडेपर्यंत बाहेर कोणीच नव्हतं. मागच्या ओट्यावर सासूबाईंचं घोरणं तेवढं ऐकू येत होतं.

तुकड्यावर मोठ्या सरळ अक्षरांत, ओळख पटू नये अशा बेतानं लिहिलं होतं: पत्रात काहीही वाईट नाही. भीती बाळगू नये.

पाकीट फोडणाऱ्यानं ते नुसतं वाचलं नव्हतं. ती कशाला घाबरते हेही त्याला नेमकं माहीत होतं.

४

"दाखव," मेट्रनबाई म्हणाल्या.

भूलवालीनं तुकडा पदराआड लपवला होता. "काय दाखवू, आई?"

"तू हातात काय धरलंस ते. आणि घोरत मी नव्हते, शेकाची पिशवी घरघर करत होती. पावलं मीही ऐकली, पण उठून येईपर्यंत गुडघ्यांनी दगा दिला."

तिनं तुकडा दिला. सासूबाईंनी तो दोनदा वाचला आणि सुनेकडे पाहिलं. आता विचारणार, भूलवालीला वाटलं. आता सांगावं लागणार की तुमच्या सुनेच्या हाताखाली एक बाई गेली. तिला लग्नाच्या दिवशीही सासूची इतकी भीती वाटली नव्हती.

"आई, मी तुम्हाला एक सांगितलं नाही..."

"ती टेबलावर गेलेली बाई ना? चौकशी लागली त्याच दिवशी कळलं मला. तू तीन दिवस चहात साखर घालायची विसरत होतीस आणि माझा मुलगा तो चहा मुकाट्यानं पीत होता. मग मी माझ्या जुन्या सिस्टरांना फोन केला." मेट्रनबाई कॉटवर टेकल्या. "चौतीस वर्षांत माझ्यासमोर किती गेले, मोजू म्हटलं तरी मोजता यायचं नाही. तू सांगशील म्हणून थांबले होते. नाही सांगितलंस. असू दे."

भूलवाली रडली. बरं वाटून रडली की घाबरून, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"आता कागद काढ," सासूबाई म्हणाल्या. "फुटलेलंच आहे. न वाचून काय ते पाकीट परत शिवून निघणार आहे?"

कागद बाहेर आला. चार ओळी होत्या. कोणतीही तक्रार प्रलंबित नाही, कोणतीही कारवाई झालेली नाही, परिषदेला ह्या डॉक्टरविषयी काहीही आक्षेप नाही. तीन वर्षं ज्या कागदाच्या भीतीनं ती झोपेतून दचकून उठत होती तो हा. स्वच्छ, आणि आता कवडीच्याही उपयोगाचा नाही.

संध्याकाळी बालवाली कामावरून आली. लहानखुरी, नेहमी काहीतरी गुणगुणणारी, पण आज गप्प होती. इथे ती मुलांच्या अपघात विभागात मदतनीस होती. पाकिटाचं ऐकून ती तिथेच खुर्चीत बसली.

मेट्रनबाईंनी तिलाही चहा दिला. "दुपारी घरी आली होतीस का गं?"

"मी? नाही. म्हणजे, डबा विसरले होते. आले आणि गेले."

"अंगठ्याला काय लागलंय?"

बालवालीनं उजव्या अंगठ्यावरचा जांभळा डाग बघितला. "ते? आमच्याकडे एका पोराचं कपाळ फुटलेलं आलं. मला काही करू देत नाहीत, फक्त डोकं धरायला ठेवतात. पोरं सुई बघून घर डोक्यावर घेतात, म्हणून टाके नाहीत घालत. चिकटवतात."

"हो का," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि तिच्या चहात आणखी एक चमचा साखर घातली.

भूलवालीच्या मनात पाल चुकचुकली. तिनं ती हाकलून लावली. बालवाली नाही. जग इकडचं तिकडे झालं तरी बालवाली नाही.

५

जेवणं झाल्यावर मेट्रनबाईंनी सगळ्यांना टेबलाशी बसवलं. वॉर्डाचा राउंड घ्यावा तसा त्यांचा आवाज झाला.

"कोणी आवाज चढवायचा नाही. मी बोलते, तुम्ही ऐका. ज्याला हिचं वाटोळं करायचं असतं त्यानं पाकीट चुलीत घातलं असतं. नाहीसं झालेलं पाकीट, कोणाला काही सिद्ध करता आलं नसतं. म्हणून बाळा, तू सुटलास," त्या हाडवाल्याला म्हणाल्या. "तुला जागा हवी होती, तर पाकीट परत डब्यात कशाला ठेवशील?"

हाडवाल्यानं इतका मोठा श्वास सोडला की दिवा हलला.

"बरं, ज्याला नुसतं चोरून वाचायचं होतं? त्यानं वाफ धरली असती, गुपचूप उघडून गुपचूप लावलं असतं. इथे तसं नाही. इथे ब्लेडनं आरपार कापलंय. असं कोण कापतं? ज्याला ते परत बंद करायचंच नाही तो. पण नंतर ते बंद केलंय, आणि जिवापाड मेहनत घेऊन केलंय. म्हणजे कापलं तेव्हा मनात एक होतं आणि चिकटवलं तेव्हा दुसरं. मधे काय झालं?"

त्यांनी पाकिटाची कापलेली कड सगळ्यांपुढे धरली.

"मधे आतलं नाव वाचलं," मेट्रनबाई म्हणाल्या. "पाकीट कापणाऱ्याला वाटत होतं की ते आपलंच आहे."

घरमालकीणबाईंनी तोंडावर हात धरला. "पण मी चिठ्ठी लावली होती."

"लावली होतीत. कधी?"

"आलं तेव्हाच. महिना झाला की."

"महिन्यापूर्वी माझी सून वर राहत होती, चार नंबरमध्ये. तुम्ही चार लिहिलंत. मग मी आले, माझे गुडघे आले, आणि खोल्या बदलल्या. चिठ्ठ्या कोणी बदलल्या नाहीत. तुम्हाला पाठ होतं कोणाचं कुठलं, तुम्ही बिनचूक दिलंत. पण जो कोणी डबा उघडून आपल्या खोलीचा आकडा शोधेल, त्याच्या हाती काय लागेल?" त्या थांबल्या. "आज चार नंबरमध्ये कोण राहतं?"

उत्तर द्यायची गरज नव्हती. बालवाली टेबलाकडे बघत होती आणि अंगठा मुठीत लपवत होती.

"कड चिकटवलीय ती कागदाच्या गोंदानं नाही," मेट्रनबाई हळू आवाजात म्हणाल्या. "लहान मुलांच्या जखमेला लावतात त्यानं. खपली बघितली तेव्हाच ओळखली मी. चिकटवलंस छान. कपाळावर असतं तर वण राहिला नसता."

"मंगळवारी उघडलं," बालवाली म्हणाली. तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "मला वाटलं माझं. माझी तारीख दोन महिन्यांनी आहे. वाईट निघालं तर घरात, एकटीनं वाचायचं होतं मला, खिडकीत चार लोकांसमोर नाही. चांगलं निघालं असतं तर नवं मागवलं असतं. छत्तीस तासांच्या ड्युटीच्या शेवटी मी एका बाळाला दुप्पट डोस लिहिला होता. वाचलं ते, सिस्टरनं पकडलं. पण तिनं वर कळवलं होतं, आणि पुढे काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही." तिनं पहिल्यांदाच भूलवालीकडे पाहिलं. "आत तुझं नाव दिसलं तेव्हा मला उलटी झाली. तुला सांगायला चार वेळा जिना उतरले. मग वाटलं निदान एवढं तरी कळवावं, की तुझं चांगलं आहे."

भूलवालीला राग यायला हवा होता. तो आला नाही, कारण समोर बसलेली भीती तिच्या चांगल्या ओळखीची होती. दोघी तीन वर्षं एकच आजार घेऊन फिरत होत्या, आणि रोज संध्याकाळी एकमेकींना तपासूनही तो सापडला नव्हता.

"ह्याला उपाय एकच आहे," घरमालकीणबाई घुटमळत म्हणाल्या. पंधरा वर्षं डॉक्टर ठेवून त्यांना कार्यालयाचे नियम तोंडपाठ झाले होते. "ज्यानं फोडलं त्यानं स्वतः येऊन लेखी दिलं, तर ती खिडकीतली बाई परिषदेला फोन लावून जावक क्रमांक ताडून बघते. मुदत असेल तर दाखला चालतो. पण लिहून देणाऱ्याच्या..." त्या थांबल्या.

"लिहून देणाऱ्याच्या फाइलवर चढतं," हाडवाल्यानं वाक्य पुरं केलं. "दुसऱ्याच्या कागदात ढवळाढवळ. वर्षभर तरी अर्ज अडकतो. कधीकधी कायमचा."

मेट्रनबाई म्हणाल्या, "कोणी कोणावर जबरदस्ती करायची नाही."

पण भूलवालीच्या कानात लेकीचा आवाज होता. आला का? तिनं टेबलावरून हात पुढे केला आणि बालवालीचा जांभळा अंगठा धरला. "ये," ती म्हणाली. "मला मागायची लाज वाटतेय, तरी मागते. माझ्यासाठी ये."

बालवालीनं हात सोडवून घेतला आणि जिना चढून गेली.

६

सकाळी वरची खोली रिकामी होती. अंथरूण घडी घातलेलं, खिडकी उघडी, कोनाड्यातली बॅग नाही. हाडवाल्यानं घरमालकीणबाईंची जुनी गाडी काढली आणि सासू-सुनेला कार्यालयापाशी सोडलं. वाटेत तो एकदाच बोलला. "आली नाही तर ती जागा मला मिळेल. मला आजपर्यंत कशाचाही इतका राग आला नव्हता."

प्रतीक्षागृहात खुर्च्यांच्या सहा रांगा होत्या, भिंतीवर लाल आकडे, आणि पंचवीस-तीस डॉक्टर मांडीवर पाकिटं घेऊन बसलेले. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. भूलवालीचा टोकन क्रमांक होता सतरा. आकडा अकरावर होता, मग बारावर गेला. दार उघडलं की ती मान वळवायची आणि दर वेळी दुसराच कोणी आत यायचा. पंधरा. सोळा. सासूबाईंनी तिचा हात नाडी बघावी तसा धरून ठेवला होता.

सतरा.

ती उठली. सासूबाईही तिच्या मागोमाग निघाल्या. आडोशामागच्या खिडकीत जाड चष्म्याची बाई होती आणि तिच्यासमोर आधीच कोणीतरी बसलेलं होतं. लहानखुरी, पाठीला बॅग, हातात पेन.

"ह्या आठ वाजल्यापासून दारात उभ्या होत्या," खिडकीतली बाई म्हणाली. "त्यांनी लिहून दिलंय. तुमचं पाकीट द्या."

फोन झाला. जावक क्रमांक वाचून दाखवला गेला, परत वाचला गेला. पाऊण तासानं परिषदेकडून दाखल्याची प्रत आली. बाईनं दोन्ही कागद शेजारी ठेवले, प्रत्येक ओळीवर पेन्सिल फिरवली, आणि एक निळा शिक्का उचलून भूलवालीच्या अर्जावर मारला. इतकंच. चौदा महिने ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते एवढ्याशा आवाजात झालं.

"परवाना आठवड्यात घरी येईल," बाई म्हणाली आणि बालवालीकडे वळली. "तुमची फाइल आता मला थांबवावी लागेल. तुम्हाला कल्पना आहे ना?"

"आहे." बालवालीनं बॅगेतून दुसरं पाकीट काढलं. सील धड, कडा धड, चिठ्ठीवर आकडा एक. पहाटेच, कोणाला सांगू नका असं बजावून, तिनं घरमालकीणबाईंकडून ते मागून घेतलं होतं. "थांबवणारच आहात तर हेही उघडा. मला बघायचंय."

खिडकीतल्या बाईनं लाख फोडली, कागद उलगडला. भूलवालीनं डोळे मिटून घेतले. तिला स्वतःच्या कागदाची सुद्धा इतकी भीती वाटली नव्हती.

"कोणतीही तक्रार नाही," बाईनं सपाट आवाजात वाचलं. "कोणतीही कारवाई नाही. काहीही आक्षेप नाही." तिनं चष्म्यावरून पाहिलं. "हा तर स्वच्छ आहे."

मग तिनं पेनचं टोपण काढलं, बालवालीची फाइल पुढे ओढली आणि पहिल्या कोऱ्या पानावर लिहायला सुरुवात केली. बराच वेळ लिहीत होती. खिडकीच्या अलीकडे तिघी ते पेन बघत उभ्या होत्या.

बाहेर आल्यावर बालवाली पायरीवर बसली. "तीन वर्षं," ती म्हणाली. "तीन वर्षं मी त्या कागदाला भ्यायले. त्यात काही नव्हतंच. आता आहे, आणि ते माझ्या हातानं चढलंय."

भूलवालीनं मागितलं होतं, आणि ते तिला मिळालं होतं. ती बालवालीच्या शेजारी त्याच पायरीवर बसली. पर्समधला फोन वाजत होता, लेकीच्या शाळेची सुटी झाली असणार. तिनं तो वाजू दिला.

मेट्रनबाईंनी कठड्याला धरून, कण्हत, तिसरी जागा घेतली. मग बालवालीच्या पाठीवरची बॅग ओढून काढली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली.

"ही परत घरी जायची," त्या म्हणाल्या. "चार नंबर दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही, बाईंना मी सांगून आलेय. संध्याकाळी सहाला सराव आहे. चमचा मी वाजवणार."